गोधडीच्या आतलं कापड

पडद्यावर भूत पहिल्यांदा आलं तेव्हा कुसुमावतीबाई दातांत अडकलेलं पॉपकॉर्नचं साल जिभेने काढत होत्या. सगळं थिएटर किंचाळलं. शेजारी बसलेली त्यांची बारा वर्षांची नात अवनी त्यांच्या शालीत शिरली. तिच्या पलीकडे बसलेल्या तिच्या मैत्रिणीने, तनयाने, जॅकेटची टोपी नाकापर्यंत ओढली. त्यांच्या पलीकडे सून अरुणा खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती, आणि दिल्लीतल्या एका मंत्रालयात वीस-पंचवीस माणसांवर साहेबी करणाऱ्या गुणवंताने, त्यांच्या मुलाने, दोन्ही पाय वर घेतले होते. कुसुमावतीबाईंनी साल काढलं, रुमालात गुंडाळलं, आणि मग भुताकडे सावकाश पाहिलं.

पांढरी साडी. कमरेपर्यंत मोकळे केस. डोळ्यांत बोटभर काजळ.

"मेल्यावर हिला एवढं काजळ कोण घालून देतं?" त्यांनी विचारलं.

"आजी, प्लीज!"

"नाही, विचारते आपलं. मसणातून चालत आली ना ही? मग साडीला चिखल कसा नाही?"

मागच्या रांगेत कोणी तरी खुदकन हसलं. गुणवंत वाकून म्हणाला, "आई, हळू. लोक बघतात."

"लोक तिकडे बघायला आलेत," कुसुमावतीबाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने भुताने भिंतीवर रक्ताने अक्षरं लिहिली. कुसुमावतीबाईंना अक्षरओळख झाली ती वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, सरकारी क्वार्टरच्या आवारात भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात. तिथे सगळ्या बायका एका सुरात मोठ्याने वाचत, त्यामुळे मनातल्या मनात वाचायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. अक्षर दिसलं की ते तोंडातून बाहेर येणार. "मे... रा... क... फ... न..." त्या वाचू लागल्या. "लौ... टा..." तोवर भूत निघूनही गेलं होतं, आणि हवेलीतली मोलकरीण जिन्यावर मरून पडली होती.

"अम्मा जी, ज़रा जल्दी पढ़िए, हम भी अटके हुए हैं," मागचा तरुण म्हणाला, आणि तीन रांगा हसल्या. अवनीसुद्धा शालीतून डोकं काढून हसली. तेवढ्यापुरता सिनेमा कुसुमावतीबाईंना आवडला.

मध्यंतरानंतर मात्र त्यांचं हसू आटलं.

भूत का आलं ते आता कळलं. ठाकूरसाहेबांची बायको मेली होती, आणि तिच्या तिरडीवरचं कापड कोणी तरी उचलून नेलं होतं. नेणारी होती गावाबाहेर झोपडीत राहणारी एक म्हातारी. काळी, बोळकी, एक डोळा पांढरा. हातात काठी, काठीला घुंगरं बांधलेली. ती चालायला लागली की छुन छुन वाजे आणि थिएटरमधली पोरं आयांना बिलगत. भुताची भीती वाटावी म्हणून जेवढी मेहनत घेतली होती त्याच्या दुप्पट मेहनत या म्हातारीची किळस यावी म्हणून घेतली होती.

कुसुमावतीबाई त्या काठीकडे बघत राहिल्या. अशी काठी त्यांच्या बापाची होती. वर्धेकडच्या त्यांच्या गावात महारवाड्यातल्या माणसाने गावात शिरताना ती वाजवायची, म्हणजे वरच्या आळीतली माणसं बाजूला होत. मौतीची खबर घेऊन दहा गावं फिरताना तीच काठी. आणि तिरडीवरचं कापड? ते कोणी चोरत नसे. सरणावर चढवण्याआधी नातेवाईकच ते काढून बाजूला टाकत, आणि लांब उभा असलेला महार ते उचलून घरी नेई. तो हक्क होता म्हणे त्याचा. हक्क!

शेवटी शहरातून आलेल्या एका बाबाने म्हातारीला तिच्या झोपडीसकट पेटवून दिलं. भुताला मुक्ती मिळाली. थिएटरने टाळ्या वाजवल्या.

कुसुमावतीबाईंनी दोन्ही हात शालीत घेतले.

मॉलच्या वरच्या मजल्यावर खाण्याच्या टेबलाशी गुणवंत छोले-भटुरे घेऊन आला. "काय आई, घाबरलीस की नाही खरं सांग."

"घाबरले की. तुमच्या टाळ्यांना."

"म्हणजे?"

"जिवंत बाईला जाळलं आणि तुम्ही टाळ्या पिटल्या. मेलेली बाई तीन माणसं खाऊन गेली, तर तिला मुक्ती द्या म्हणून हात जोडले. कापड नेणारी ती म्हातारी कोण होती, ओळखलंस का? ती घुंगुरकाठी..."

"आई." गुणवंताने तनयाकडे एक नजर टाकली. तनया ही खालच्या मजल्यावरच्या वृंदाची मुलगी. ते घर पुण्याकडचं, पण दिल्लीत तीन पिढ्या झालेल्या. "आई, सिनेमा आहे तो. भटुरा गार होतोय."

कुसुमावतीबाईंनी भटुरा फोडला. आतून नुसती वाफ निघाली.

घरी, दिल्लीच्या द्वारका वस्तीत सहाव्या मजल्यावर, त्या दिवसापासून नवी शिस्त लागली. अवनी बाथरूमला एकटी जाईना. दार उघडं ठेवून, बाहेर आजीला उभं करून, आतून "आजी आहेस ना?" असं दर अर्ध्या मिनिटाला ओरडायचं. अरुणा बँकेत नोकरी करत होती, शिकलेली होती, बावीस प्रतिज्ञा तिला पाठ होत्या आणि त्या काचेच्या चौकटीत दिवाणखान्यात लावलेल्याही होत्या. पण सोमवारी सकाळी तिने मोबाइलवर परित्राण पाठ लावला तो बंदच करेना.

"किती वेळ वाजणार हे?" कुसुमावतीबाईंनी विचारलं.

"असू द्या हो आई. घरात जरा बरं वाटतं."

"बुद्धाला वॉचमन केलंत की गं. गेटवर दोन आहेत, ते कमी पडले?"

अरुणाने आवाज थोडा कमी केला, बंद केला नाही.

दुपारी अडीचला मुली शाळेतून आल्या. डिसेंबरची थंडी होती, उन्हाचा पत्ता नव्हता, खिडकीबाहेर नुसता राखाडी धूर. गुणवंत आणि अरुणा ऑफिसात होते. अवनी आणि तनया प्रोजेक्ट करायचा म्हणून बसल्या आणि वह्या न उघडता पलंगावर गोधडीत शिरल्या. गोधडी जुनी होती. वरून कुसुमावतीबाईंच्या साड्यांचे हिरवे-जांभळे तुकडे, कडेला लाल पट्टी. अवनी जन्मली तेव्हा तिला याच गोधडीत घेतलं होतं, आणि हिवाळा लागला की ती अजूनही दुसरं पांघरूण घेत नसे.

"आजी, पाणी दे ना."

"स्वयंपाकघर चार पावलांवर आहे."

"तिथे अंधार आहे."

"दुपारचे तीन वाजलेत, पोट्टे!"

"आजी, ती पण दुपारीच आली होती ना, मोलकरणीकडे," तनया गोधडीतून म्हणाली. "आणि तो बाबा म्हणाला होता, जो मुर्दे का कपड़ा घेतो, त्याच्या सात पिढ्यांवर ती बसते."

कुसुमावतीबाई पाणी आणायला उठल्या होत्या, त्या थांबल्या. कालपासून घशाशी आलेलं होतं. आणि त्यांना खरंच वाटलं की ही भीती एका घावात तुटेल. पोरी लहान आहेत, समोर वस्तू ठेवली की कळेल त्यांना. त्यांनी शिवणाच्या डब्यातून कात्री घेतली, पलंगावर बसल्या आणि गोधडीचा एक कोपरा ओढून त्याची लाल पट्टी वीतभर उसवली.

"बघा आत. काय दिसतं?"

दोन डोकी जवळ आली. हिरव्या तुकड्याच्या आत एक जुनी फिकी साडी, तिच्या आत आणखी एक, आणि त्या सगळ्याच्या मध्ये, जाळीसारखं विरलेलं, पिवळट पडलेलं पांढरं कापड.

"हे मढ्यावरचं कापड आहे," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "मुर्दे का कपड़ा. माझ्या आईने घातलंय आत. बारा वर्षं तू यात झोपतेस अवनी, तुझा बाप झोपला, मी झोपले. आलं का कोणी मागायला? बसलं का..."

वाक्य पुरं झालंच नाही. तनया अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. ती पलंगावरून उडी मारून दाराबाहेर पडली, एक चप्पल घालून आणि एक इथेच टाकून. लिफ्टचीही वाट न बघता जिन्याने धाडधाड उतरत गेली.

अवनी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिने आपले दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते, हाताला काही लागलं असावं तसे.

"छी, आजी!" ती म्हणाली.

कुसुमावतीबाईंनी उसवलेला कोपरा हाताने मिटून धरला. किंचाळली असती तर चाललं असतं, रडली असती तरी चाललं असतं. ही "छी" भुताला उद्देशून नव्हती. ती त्यांनी लहानपणी ऐकलेली होती, वरच्या आळीतून जाताना, अगदी याच सुरात. आपल्याच घरात, आपल्याच नातीच्या तोंडून ती ऐकायला सहाव्या मजल्यावर यावं लागलं.

गुणवंत घरी आला तो जोडे काढण्याआधीच बोलायला लागला. अवनीने आईला फोन केला होता, अरुणाने त्याला.

"आई, हे कोणाला सांगायचं असतं का?"

"भ्याल्या होत्या पोरी. भीती मोडावी म्हणून सांगितलं."

"मोडली?"

"नाही," कुसुमावतीबाईंनी कबूल केलं. "चुकलं माझं. सांगण्याची रीत चुकली. सांगितलं ते चुकलं नाही."

"तनयासमोर! ती घरी जाऊन सांगणार नाही? वृंदाताई काय म्हणतील? उद्या पूर्ण सोसायटीत होईल, सहाव्या मजल्यावरचे लोक मुडद्यांचे कपडे..." तो थांबला.

"बोल ना पुढे."

"आई, मी इथे अठरा वर्षं राहतोय. सेक्रेटरी आहे मी कमिटीचा. लोक मान देतात."

"आणि कोण आहोत ते त्यांना ठाऊक नाही होय? दारात बुद्ध आहे."

"बुद्ध सगळ्यांच्याच दारात असतो आता. मिश्रांनी कारंज्यावर बसवलाय."

कुसुमावतीबाई हसल्या, पण त्या हसण्यात माया नव्हती. "म्हणजे बुद्धामागे लपता येतं. छान. अरे, काल थिएटरात भुताला भ्यालास तेव्हा म्हटलं, भितो बापडा. तुझं भूत वेगळंच आहे की. ते वृंदाच्या तोंडाने बोलतं आणि तू इथे थरथरतोस."

"ती गोधडी घरात नको," अरुणा हळूच म्हणाली. "अवनी त्या खोलीत जात नाहीये, आई. आणि खरं सांगू, मलाही नको वाटतं. फेकायची नाही. पण कुठे तरी..."

"माझ्या आईचा फोटो नाही घरात," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही कधी विचारलंत का नाही ते? काढलाच नव्हता कोणी. तिची वस्तू म्हणून एवढी एक गोधडी आहे."

गुणवंत मोबाइलवर काहीतरी लिहीत आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कुसुमावतीबाई अंघोळ करून आल्या तेव्हा पलंगावर गोधडी नव्हती. तिच्या जागी नवीन पांघरूण होतं, गुलाबी, त्यावर ससे. त्यांनी कपाट पाहिलं, बाल्कनी पाहिली, पलंगाखालची पेटी ओढून पाहिली. मग अरुणाला बँकेत फोन लावत राहिल्या. तिने तो दुपारी उचलला.

"आई, ते गेटजवळ खोका ठेवलाय ना, थंडीच्या कपड्यांचा. मुनिरकेकडे उघड्यावर झोपतात त्यांना वाटतात. कोणाच्या तरी उपयोगी पडेल असं वाटलं मला. हे पण बरोबर म्हणाले."

"गाडी कधी येते खोक्याची?"

"तीनला. आई, अहो ऐका..."

कुसुमावतीबाईंनी फोन ठेवला. दोन वाजून गेले होते. रस्त्यावरचं माणूस थंडीने मरेल म्हणून नव्हे, तर घरातलं माणूस लाजेने मरेल म्हणून दान करायचं! आणि मढ्यावरचं कापड पुन्हा रस्त्यावरच्या गरिबाच्याच अंगावर. सत्तर वर्षांत एवढीच काय ती प्रगती. त्यांनी शाल घेतली, काठी घेतली आणि लिफ्टने खाली उतरल्या.

गेटजवळ टीव्हीचा रिकामा खोका ठेवला होता आणि तो गळ्यापर्यंत भरला होता. गार्ड धावत आला.

"अम्मा जी, क्या ढूँढ रही हैं? ये दान का है।"

"मेरा है. गलती से आया है."

"अम्मा जी, दान वापस नहीं लेते, पाप लगता है।"

"मुझे लगने दे. तू ये स्वेटर पकड़."

गार्डने स्वेटर धरले. मग जॅकेटं धरली, मग एक अख्खी रजई. कुसुमावतीबाई कमरेत वाकून खोक्यात शिरल्या होत्या. तळाशी लाल पट्टी दिसली तशी त्यांनी ती धरून ओढली. गोधडी बाहेर आली तेव्हा गार्डच्या हातात अर्ध्या सोसायटीचं दान होतं आणि समोर वृंदा उभी होती. शाळेची बस यायची वेळ झाली होती, ती तनयाला घ्यायला आली होती.

"अरे, काकू! तुम्ही इथे?" वृंदाची नजर गोधडीवर गेली आणि झटकन बाजूला झाली. "बरं झालं भेटलात. तनया काल जरा... म्हणजे जेवलीच नाही. आम्ही असलं काही मानत नाही हो, तुम्हाला माहीत आहे. पण लहान मुलं."

"हो. लहान मुलं."

"गुणवंतरावांचा मेसेज आला रात्री. म्हणाले, आईने थट्टा केली मुलींची. मी तनयाला तेच सांगितलं, की बघ, आजी गंमत करत होत्या." वृंदा हसली. "तुम्ही पण एकदा सांगाल का तिला? म्हणजे तिचं समाधान होईल."

कुसुमावतीबाईंना सगळं लख्ख दिसलं. हो म्हणायचं, एवढंच होतं. हो गं बाई, थट्टा केली. मग तनया जेवेल, अरुणा ससे काढून टाकेल, गुणवंत सेक्रेटरी राहील आणि गोधडीसुद्धा घरी जाईल. फक्त गोधडीत कापड राहणार नाही. ते कोणी ठेवलं, का ठेवलं, ती बाई राहणार नाही. सिनेमावाल्यांनी तिला जाळलं होतं. आता घरच्यांनीच तिची थट्टा केली होती. दोन्हींत जास्त सभ्य काय, ते त्यांना ठरवता येईना.

बस वळणावर दिसली. मुली उतरल्या. तनया आईच्या मागे जाऊन उभी राहिली. अवनी आजीपासून दोन हातांवर थांबली आणि गोधडीकडे बघत राहिली.

"थट्टा नव्हती," कुसुमावतीबाई म्हणाल्या.

"काकू..."

"वृंदाबाई, तुम्ही मानत नाही ना? मग ऐकायला काय भीती?" त्या गेटशेजारच्या बाकावर बसल्या. गोधडी मांडीवर घेतली. "अवनी, काल मी तुला अर्धंच सांगितलं. कोणाचं कापड, ते सांगितलंच नाही. हे आमच्या गावच्या देशमुखांच्या म्हातारीचं कापड आहे."

"तिचं भूत झालं?" तनयाने आईच्या मागून विचारलं.

"आधी ती जिवंत कशी होती ते ऐक. उन्हाळ्यात आम्ही त्यांच्या विहिरीवर जायचो. विहिरीला हात लावायचा नाही. तिथे ओंजळ धरून बसायचं, आणि ही म्हातारी इतक्या उंचावरून पाणी ओतायची की अर्धं नाकात जायचं. एकदा माझी सावली तिच्या वाळत टाकलेल्या कुरडयांवर पडली. पूर्ण खाट उचलून तिने कुरडया उकिरड्यावर ओतल्या, वर मला शिव्या दिल्या. ती मेली तेव्हा तिच्यावरची पाच कापडं आमच्या घरात आली. जिवंतपणी जी सावली घेत नव्हती तिची कापडं माझ्या आईने धुतली, फाडली, आणि मला त्याचं झंपर शिवलं."

अवनी आता एका हातावर आली होती. "तू ते घातलंस?"

"मग काय उघडी फिरू? एक हिवाळा घातलं. त्याच वर्षी दसऱ्याला नागपुरात दीक्षा झाली. आम्ही सगळे पायी गेलो होतो. परत आल्यावर आईने घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि नदीत सोडले. त्या दिवसापासून मौतीची खबर बंद, कापड बंद. शेजारीण म्हणाली, ते घरातलं कापडही सोड नदीत. आई म्हणाली, देव थंडी वारत नव्हते म्हणून सोडले. कापड वारतं. आणि उरलेलं तिने या गोधडीत घातलं."

गार्ड हातातलं दान तसंच धरून ऐकत होता. मराठी त्याला किती कळत होती कोण जाणे.

"पण आजी," अवनी म्हणाली, "मग तिचं भूत आलं का नाही? तिचं कापड तर आपल्याकडेच आहे."

"अगं, येईल कसं? सावली पडली तर कुरडया फेकणारी बाई ती. ती येऊन आमच्या अंगावर बसणार? महाराच्या पोरीच्या? एकदा मेली होती, बाटल्याच्या धसक्याने पुन्हा मेली असती!" कुसुमावतीबाईंनी मांडीवर थाप मारली. "सिनेमावाल्यांना एवढी साधी गोष्ट ठाऊक नाही. ठाकुराची बायको म्हणे त्या म्हातारीच्या झोपडीत शिरली. शिरेल? उंबऱ्याच्या पन्नास पावलं अलीकडून परत गेली असती ती. भुताला विटाळ होत नाही काय?"

तनया फिसकन हसली आणि आईकडे बघून गप्प झाली.

"विटाळ म्हणजे?" अवनीने विचारलं.

कुसुमावतीबाईंनी मान वळवली. "वृंदाबाई, तुम्ही सांगा तिला. तुमचं मराठी चांगलं आहे."

वृंदाने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "म्हणजे... जुन्या काळी असायचं काही लोकांचं... म्हणजे डिस्टन्स ठेवायचे, हायजीनसारखं..."

"कोरोनासारखं?" तनयाने विचारलं.

"नाही, तसं नाही. म्हणजे काही माणसांना शिवायचं नाही, असं मानायचे."

"कोण मानायचे?"

"जुने लोक. आपले... सगळेच." वृंदाचा चेहरा लाल झाला होता. "माझी आजी मानायची," ती शेवटी म्हणाली.

"का पण?"

तनया वर मान करून वाट बघत राहिली. कुसुमावतीबाईंनी मदत केली नाही. त्यांना तेवढा वेळ फार बरा वाटला.

खोक्याची गाडी आली. गार्ड दान घेऊन पळाला. अवनीने आजीच्या मांडीवरची गोधडी उचलली, उसवलेला कोपरा बोटांनी चाचपून पाहिला, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून लिफ्टकडे चालू लागली.

"आजी, चल ना. गारठलेय मी."

संध्याकाळी गुणवंत आला तेव्हा कुसुमावतीबाई पलंगावर बसून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होत्या. गोधडी समोर पसरलेली होती. सशांचं पांघरूण घडी करून अरुणाच्या खोलीत गेलं होतं. परित्राण बंद होता.

गुणवंत दारातच उभा राहिला. "वृंदाताई लिफ्टमध्ये भेटल्या. नीट बोलल्याच नाहीत. काय सांगितलंस त्यांना?"

"मी नाही. तिनेच सांगितलं पोरींना. मी नुसती बसले होते."

"आई, तुला कळत नाही, लोक काय..."

"दोरा ओव," कुसुमावतीबाईंनी सुई पुढे केली. "मला दिसत नाही."

तो उभाच राहिला. हात पुढे आला नाही.

तेवढ्यात बाथरूमचं दार आतून लागल्याचा आवाज झाला. दोन दिवसांत पहिल्यांदाच. कोणालाही बाहेर उभं केलं नव्हतं. मग आतून अवनीचा आवाज आला, मुद्दाम घोगरा काढलेला.

"आजीऽऽ! भूत आलंय! देशमुखांची म्हातारी! बाहेरच उभी आहे, आत येत नाही म्हणते!"

"काय पाहिजे तिला?"

"पाणी मागतेय!"

गुणवंताच्या तोंडून हसू निसटलं. त्याने ते आवरायचा प्रयत्न केला आणि त्याला जमलं नाही. तो पलंगाच्या कडेला बसला, आईच्या हातातून सुई घेतली आणि दिव्याकडे धरून दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं.

"ओंजळ धरायला सांग तिला," कुसुमावतीबाई ओरडल्या. "आणि उंचावरून ओत!"